टँकरच्या उन्हाळ्यातली मोटारसायकल

यंदा टँकर लवकर सुरू झाले. होळी अजून लांब आहे, संध्याकाळी अजून स्वेटर लागतो, आणि आज सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. आधी लांबलचक हॉर्न, मग ब्रेकची किंकाळी, मग लोखंडी पोटात उसळून आदळणारं पाणी. मांडणीवरच्या वाट्या एकमेकींवर वाजल्या. मी ओट्याशी उभी होते. खाली पाहिलं तर माझी मूठ आवळलेली होती आणि नखं तळहातात रुतली होती.

काही ऋतू वासाने परत येतात, काही फुलांनी. हा एक ऋतू माझ्याकडे डिझेलच्या धुरातून येतो, आणि येताना हात उगारूनच येतो.

मी नागपूरची. उन्हाळा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्याकडे ऊन सरळ अंगावर येतं, समोरून, सगळ्यांना सारखं. बंगळुरूचा दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा जमिनीखालून आला. एकेका घराची बोअर घरघरली, तांबडं गढूळ पाणी ओकली आणि गप्प झाली. व्हाइटफील्डच्या उंच इमारतींमध्ये लोक बादलीत उभे राहून अंघोळ करायचे आणि तेच पाणी संडासात ओतायचे. आमच्या ऑफिसात हात धुवायच्या नळांवर चिकटपट्ट्या लागल्या. महादेवपुऱ्याचं तळं आटून त्याचा काळा, फाटलेला तळ दिसायला लागला आणि त्यावर मेलेल्या माशांचा असा वास सुटला की ऑफिसच्या कॅबमध्ये काचा बंद करूनही घशाशी यायचा. आणि मग टँकर आले. एकामागून एक, दिवसरात्र, खड्ड्यांतून उड्या मारत, आरसे तोडत, कुत्री चिरडत. पाणी आणणाऱ्या गाड्या होत्या त्या. त्यांना बघून मात्र तहान आधी आठवायची नाही, भीती आठवायची.

मी तेव्हाही याच घरात राहत होते. आयटी पार्कच्या काचा आणि जुन्या गावाची कौलं यांच्या मधल्या पट्टीत हे घर आहे. खाली घरमालक, वर मी. घरमालक म्हणजे मानोजीराव घाटगे, गुरांचे डॉक्टर. होसकोटेच्या बाजूच्या खेड्यांत त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णा म्हणते. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत गेलेच नाहीत. घरातली मराठी तेवढी त्यांनी धरून ठेवली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिल्या महिन्यात मला अर्धंच कळायचं. घर बघायला फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मराठी बोलतीस न्हवं? मग ये. आमच्या सुलोचनाला भांडायला कुणीतरी पाहिजे, मी एकटा पुरत न्हाई."

सुलोचना अक्का म्हणजे त्यांची बायको. ती भांडायची हे खरं होतं. पण त्या घरात आवाजच तसे मोठे होते. अण्णांचं शिंकणंही गल्लीला ऐकू जायचं. हात म्हणजे फावडी, डावी करंगळी एका बैलाने मुरगाळलेली ती तशीच वाकडी राहिलेली. हे हात गाईच्या पोटात खांद्यापर्यंत घालून ते वासरं ओढून काढत, आणि त्याच हाताने माझ्या पाठीत थाप मारून म्हणत, "काय गे नागपूर, जेवलीस?"

आमची मैत्री जमली ती मात्र मोटारसायकलवरून. मी मोटारसायकल चालवते, कॉलेजपासून. माझी गाडी अंगणात लावायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अण्णांनी मला मागच्या शेडमध्ये नेलं आणि एक ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला. खाली त्यांची जुनी साडेतीनशेची गाडी होती, नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची. गियर आणि किक उजवीकडे, ब्रेक डावीकडे, जुन्या पद्धतीची. क्रँक तुटून कित्येक वर्षं बंद पडलेली. मडगार्ड सडलेले, सीटच्या फोमात उंदरांनी घर केलेलं. पण चौकट सरळ होती. अण्णांनी तिच्यावर एक मूठ आपटली. घंटेसारखा आवाज आला.

"हाडं चांगली हाईत," ते म्हणाले. "मांस चढवायचं. कसं चढवायचं सांग."

तिथून ते सुरू झालं. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून यायचे, अण्णा खेड्यांवरून यायचे, आणि आम्ही अंगणात बसून गाडी बांधायचो. तोंडानेच. मग एक दिवस तोंड पुरेना म्हणून अण्णांनी चुन्याचा खडा घेतला आणि सिमेंटच्या अंगणावर खऱ्या मापाची गाडी आखली. चाकं, चौकट, टाकी, हँडल. एरवी अक्काने दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घालून ती धुऊन टाकली असती. पण सडा घालायला पाणीच नव्हतं. ती नुसता केर काढायची, चाकांच्या कडेकडेने, आणि शिव्या देत पुढच्या चाकाशेजारी उरलेल्या जागेत आपली छोटी रांगोळी घालायची.

आमचं एकमत कशावरच नव्हतं. मला गाडी हलकी हवी होती, सुरीसारखी. बारीक टाकी, खाली झुकलेलं हँडल, एकाच माणसापुरती सीट, मडगार्ड जेमतेम. वळणावर झुकवली की गुडघा रस्त्याला टेकावा अशी. अण्णांना ती जड हवी होती.

"पडली तर रस्ता फुटला पाहिजे," ते म्हणायचे. "टाकी कशी पाहिजे? म्हशीच्या पुठ्ठ्यागत. हात फिरवला की गरम लागली पाहिजे."

"आणि रंग?"

"काळा. त्याच्यावर काय न्हाई. पट्टे न्हाईत, नाव न्हाई. आन् आवाज असा पाहिजे की छातीत बुक्की बसल्यागत झालं पाहिजे."

मी म्हणायचे, गडद हिरवा, ओल्या बाटलीसारखा. ते म्हणायचे, हिरवा रंग फळकुटाला मारतात. मी त्यांनी आखलेली टाकी पायाने पुसून माझी आखायचे. ते माझं हँडल पुसायचे. एकदा वादात त्यांनी चुन्याचा खडा भिंतीवर फेकून फोडला आणि आत निघून गेले. पाच मिनिटांत दुसरा खडा घेऊन आले. आता आठवताना वाटतं, आम्ही दोघंही त्या गाडीत आपापला राग भरत होतो. मला दिवसभर कॅबवाल्यांनी कट मारलेला असायचा, मीटिंगमध्ये कुणीतरी माझं बोलणं मध्येच तोडलेलं असायचं. अण्णांनी दिवसभर पाण्यावाचून पडलेली गुरं बघितलेली असायची. एका खेड्यात तहानलेल्या गाईंनी युरियाच्या पिंपात उरलेलं पाणी पिऊन जीव सोडला, त्या संध्याकाळी ते थेट अंगणात आले. खाली बसून त्यांनी सायलेन्सर आखला, मग तो आणखी लांब केला, आणखी जाड केला, इतका की ती गाडी राहिली नाही, तोफ झाली.

आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टँकरवाल्यांनी बोअर मारली ती मार्चमध्ये. बोअरचं यंत्र आलं तेव्हा सगळी गल्ली थरथरायला लागली. अख्खा दिवस, अख्खी रात्र. दगडाची पांढरी भुकटी खिडक्यांतून आत येऊन ताटांत बसायची. हजार फुटांच्याही खाली पाणी लागलं आणि तीन दिवसांत गल्लीतल्या उरल्यासुरल्या सगळ्या बोअर एकदम कोरड्या पडल्या. अण्णांची त्यात होती. आमच्याच पायाखालचं पाणी टँकरमध्ये भरून आमच्यासमोरून जायचं, आणि हवं असेल तर आम्हाला विकतही मिळायचं.

त्या बोअरवर देखरेखीला नागेश नावाचा माणूस होता. जवळच्याच वस्तीतला, तिशीतला, गळ्यात जाड साखळी, सतत फोन कानाला. अण्णा त्याच्याशी दोनदा बोलायला गेले. कन्नडमध्ये, शांतपणे, जेवढं त्यांना जमेल तेवढं. दोन्ही वेळा त्याने फोन कानावरून खाली घेतला नाही.

तिसऱ्या वेळी अण्णांनी घरातली लोखंडी खुर्ची उचलली, गल्लीच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले. रविवार होता, दुपार. मी वरून बघितलं आणि जिन्यावरून धावत खाली आले. मी बाहेर निघायच्या तयारीत होते, हेल्मेट हातातच होतं. गल्लीतली बाकीची माणसं दारात उभी होती. समोर भरलेला टँकर, त्याचं इंजिन चालू, बॉनेटमधून धग येत होती. अण्णांच्या गुडघ्यांपासून तो दोन हातांवर असेल.

"खुर्ची काढ," नागेश म्हणाला.

"पाणी मोजून घ्या. दिवसाला एवढं, त्याच्यावर न्हाई," अण्णा म्हणाले. "मग काढतो."

"डॉक्टर, खुर्ची काढ."

"न्हाई काढत."

पुढचं सगळं इतक्या पटकन झालं की अजूनही मला ते तुकड्यातुकड्यांनीच दिसतं. नागेशच्या हातात चाकाचे नट सोडायचा लांब पाना. तो खाली येताना उन्हात चमकलेला. अण्णांच्या उजव्या नडगीवर बसल्याचा आवाज, कोरडा, ओलं लाकूड मोडावं तसा नाही, वाळलेलं मोडावं तसा. अण्णा खुर्चीवरून पुढे पडले. ओरडले नाहीत. आणि वर बसलेला ड्रायव्हर घाबरला. त्याला गाडी मागे घ्यायची होती, त्याने घाईत काय केलं देव जाणे, टँकर पुढे आला. फार नाही. पाण्याने भरलेला टँकर एक हात पुढे येणं पुरेसं असतं. पुढचं चाक अण्णांच्या त्याच पायावर चढलं आणि तिथेच थांबलं.

तेव्हा ते ओरडले. जनावरासारखे. तसा आवाज माणसातून निघतो हे मला माहीत नव्हतं.

मी हेल्मेट पट्ट्याला धरलं आणि नागेशच्या तोंडावर मारलं. पूर्ण हात फिरवून. त्याचा ओठ फाटला, रक्त माझ्या हातावर उडालं. मी परत मारलं. त्याने पाना टाकून दोन्ही हात तोंडावर घेतले, तरी मारलं. कुणीतरी मला मागून धरलं. त्यांनी धरलं नसतं तर मी थांबले असते का, या प्रश्नाचं उत्तर मी शोधलेलं नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही. मला एवढंच आठवतं, की त्या क्षणी माझ्या हाताला एक फार स्वच्छ, फार भयानक आनंद झाला होता.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हॉस्पिटलमध्ये अक्का रडली नाही. कॉरिडॉरमध्ये ताठ बसून राहिली. जो येईल त्याला म्हणायची, "जिवंत हाय. जा आता." पोलिसांत तक्रार झाली. नागेश आणि ड्रायव्हर आत गेले, काही आठवड्यांनी जामिनावर बाहेर आले. बोअर काही दिवस बंद राहिली, मग मालकाने दुसरा माणूस ठेवला आणि ती परत सुरू झाली. मधल्या काळात गल्लीत पाणी मात्र आलं नाही.

अण्णा घरी आले ते एप्रिलच्या शेवटी, कुबड्यांवर. अंगणात आखलेली गाडी तशीच होती, थोडी फिकी झालेली. ते तिच्याकडे न बघता तिच्यावरून गेले. कुबडीचं रबर पुढच्या चाकाच्या मधोमध टेकलं. मी वाट बघत होते, काहीतरी म्हणतील. त्या दिवसापासून त्यांनी गाडीचा विषयच बंद केला.

राग मात्र घरभर होता. ताटं आपटली जायची. नसलेला पाय रात्री दुखायचा आणि सकाळी ते अक्कावर ओरडायचे. "त्याला मी चिरडणार," ते मला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, दूध आणायला जातो म्हणावं तसं. "गाडीला पुढं लोखंडाचा बंपर लावतो आन् भिंतीला दाबतो त्याला. हळू. घाई न्हाई करायची." माझ्याही मनात तशीच एक गाडी होती. कित्येकदा ऑफिसात बसल्या बसल्या मी ती चालवली होती.

एका दुपारी शेडमधून हातोड्याचे घाव ऐकू आले. मी खाली गेले. अण्णा कसेबसे सरपटत तिथे पोहोचले होते. जमिनीवर बसून त्यांनी जुन्या गाडीची टाकी मांडीसमोर घेतली होती आणि ते तिच्यावर हातोडा घालत होते. टाकी चेपत होती, वाकत होती, तिच्या शिवणी फुटत होत्या. घामाने त्यांचा बनियन पाठीला चिकटला होता. मी पुढे झाले तर दारात उभ्या अक्काने माझा दंड पकडला.

"मारू दे," ती म्हणाली. "माणसाला मारण्यापरीस हे बरं. दमला की थांबंल."

ते दमले नाहीत. टाकी संपली. तिचा पत्रा झाला तेव्हा त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अक्का जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मी वर निघून आले. काही गोष्टी भाडेकरूने बघायच्या नसतात.

मे महिना तसाच गेला. आकाशात रोज ढग यायचे, गडगडायचे, आणि न देता निघून जायचे. माणसं ढगांनाही शिव्या द्यायला लागली होती. आमच्या शेजारच्या इमारतीत टँकरच्या पाइपवरून दोन शिकलेल्या, चष्म्याच्या माणसांनी एकमेकांचे शर्ट फाडले. ऑफिसातली एक शांत मुलगी कॅन्टीनमधल्या माणसाच्या अंगावर पाण्याचा रिकामा जार फेकून धाय मोकलून रडली. शहराची कातडी निघाली होती, कुठेही हात लागला की आग व्हायची.

अशाच एका सकाळी, मी ऑफिसला निघत होते तेव्हा, फाटकाबाहेर नागेश उभा होता.

ओठावर माझ्या हेल्मेटची खूण. गळ्यातली साखळी नव्हती. पायात चप्पलही नव्हती. मी हेल्मेट घट्ट धरलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. तोवर अक्का बाहेर आली. तिने त्याला बघितलं आणि हातातला पितळी तांब्या सरळ फेकला. तो त्याच्या खांद्याला लागून रस्त्यावर ठणठणत गेला. तो हलला नाही.

"अण्णांना सांगा," तो कन्नडमध्ये म्हणाला. "आईची गाय अडलीय. कालपासून. सरकारी डॉक्टर रजेवर आहेत. दुसरा आला, त्याला जमलं नाही. तो म्हणाला, हे एकट्या घाटगे डॉक्टरांना जमेल." थोडं थांबून तो म्हणाला, "आई मला आत घेत नाही. म्हणते, त्यांना घेऊन ये, नाहीतर येऊ नको."

"मरू दे तुझी गाय," अक्का म्हणाली. "आन् तू पण मर."

आतून कुबडीचा आवाज आला. अण्णा दारात उभे राहिले. नागेशकडे त्यांनी बघितलं, खूप वेळ. मला वाटलं, आता ते कुबडी उचलणार. मी तयार होते. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते.

"पाय बाहेर आलेत का?" अण्णांनी विचारलं.

"एक."

"आन् डोकं?"

"दिसत नाही."

अण्णा माझ्याकडे वळले. "गार्गी, गाडी काढ."

"अण्णा, हा माणूस..."

"गाय माणूस न्हाई," ते म्हणाले. "काढ गाडी."

त्यांना माझ्या मागे बसवणं सोपं नव्हतं. अक्काने दात खात मदत केली, औषधांची पिशवी दिली, कुबड्या माझ्या गाडीला दोरीने बांधल्या. कापलेला पाय हवेत लोंबत होता. त्यांनी माझे खांदे धरले. पाय गेल्यानंतर ते पहिल्यांदाच मोटारसायकलवर बसत होते. पहिल्या खड्ड्याला त्यांच्या तोंडून आवाज निघाला, पण मी वेग कमी केला तर म्हणाले, "थांबू नको."

नागेशच्या घरामागच्या गोठ्यात ती गाय आडवी पडली होती. काळी-पांढरी, डोळे वर गेलेले, जीभ मातीत. त्याची म्हातारी आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने अण्णांकडे बघितलं, मग त्यांच्या पायाकडे, आणि मान खाली घातली.

"पाणी आन् साबण," अण्णा म्हणाले. "भरपूर पाणी."

त्या घरात पाणी भरपूर होतं. पिंपं भरलेली होती. अण्णांनी न बघितल्यासारखं केलं.

एका पायावर वाकता येईना म्हणून त्यांनी पोती अंथरायला लावली आणि पोटावर झोपले, गाईच्या मागे, शेणात आणि रक्तात. हात साबणाने माखला आणि खांद्यापर्यंत आत घातला. गाल तिच्या पुठ्ठ्याला टेकलेला. डोळे मिटलेले. गाय कळ द्यायची तेव्हा त्यांचा हात आत आवळला जायचा आणि कपाळावरच्या शिरा उभ्या राहायच्या.

"डोकं मागं वळलंय," ते म्हणाले. "आन् एक पाय दुमडलाय. आधी मागं ढकलाय पाहिजे. मग सरळ करायचं." मग गाईशी बोलायला लागले, कन्नडमध्ये, मराठीत, लाडाने आणि शिव्या देऊन. त्यांनी ढकललं. गाय ओरडली. ते ओरडले. किती वेळ ते चाललं, सांगता येणार नाही. एकदा हात बाहेर काढला तेव्हा तो निळा पडला होता. झटकला, परत घातला. मग म्हणाले, "आलं. जबडा आला हाताला. दोरी द्या."

दोरीचे फास त्यांनी आतल्या आत चढवले आणि टोकं बाहेर दिली. एक माझ्या हातात, एक नागेशच्या.

"मी सांगतो तेव्हाच. कळ आली की ओढायचं, खाली, पायांकडं. कळ गेली की सोडायचं. तिच्याबरोबर. आपल्या मनानं न्हाई."

मी आणि तो शेजारी शेजारी मातीत टाचा रोवून बसलो. ज्याच्या तोंडावर मी घाव घातले होते त्याचा खांदा माझ्या खांद्याला घासत होता. त्याला घामाचा आणि भीतीचा वास येत होता. मलाही येत असणार. "ओढा!" आम्ही ओढलं. दोरीने तळहात सोलले. "सोडा." गाय धापत होती. "ओढा!" आधी दोन खूर, मग नाक, मग जिभेचं निळं टोक, मग एकदम सगळंच, पाण्यासकट, रक्तासकट, ओलं आणि वाफाळणारं, आमच्या मांड्यांवर येऊन पडलं.

वासरू हलेना. अण्णांनी बोटांनी त्याच्या नाकातोंडातला बुळबुळीत थर काढला, गवताची काडी नाकपुडीत घातली, छातीवर थापा मारल्या. जोरात. आणखी जोरात. जन्माला आलेल्याला असं मारतात, हे मी प्रथमच बघत होते. वासरू शिंकलं. डोकं हलवलं. गाईने मातीतून मान उचलली आणि हंबरली.

म्हातारी रडायला लागली. नागेश वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं, लहान मुलासारखं.

अण्णा गोठ्याच्या खांबाला धरून उठले. हात धुतले, पुसले. कुबडी काखेत घेतली. मग नागेशला म्हणाले, "उठ."

तो उठला.

अण्णांनी त्याच्या कानाखाली मारली. त्या फावड्यासारख्या हाताने, अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावून. नागेश खांबावर आपटला आणि खाली बसला. अण्णांचाही तोल गेला, मी त्यांना धरलं. म्हातारीने तोंडावर पदर घेतला पण मधे पडली नाही. नागेश गाल धरून बसून राहिला. मग हुंदके द्यायला लागला.

"कोर्टात भेटू," अण्णा म्हणाले. "तिथं खोटं बोलू नको. आन् हिला आज नुसतं कोमट पाणी आन् गूळ. चारा उद्या."

त्याने मान हलवली. कोर्टाच्या तारखेला पुढे तो आला आणि खोटं बोलला नाही. ते नंतरचं. त्या सकाळी मी फक्त अण्णांना गाडीवर बसवलं आणि निघाले.

होसकोटेच्या रस्त्याला लागलो तेव्हा समोरून भरलेले टँकर रांगेने आले. मी बाजूला झाले. त्यांचा वारा अंगावर येऊन गेला. शेवटचा टँकर गेल्यावर अण्णा माझ्या कानाशी वाकून ओरडले,

"गियर हातानं टाकता येतो. जुन्या काळच्या गाड्यांना असायचा. टाकीच्या बाजूला दांडा."

मला क्षणभर कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. कळलं तेव्हा रस्ता एकदम धूसर झाला आणि मला डोळे मिचकावावे लागले.

"उजवा हात रेसवर असणार ना?" मी मागे ओरडले. "मग दांडा डावीकडे पाहिजे. आणि क्लच?"

"क्लच डाव्या पायाला. ब्रेकच्या जागी."

"मग ब्रेक?"

"दोन्ही ब्रेक उजव्या हाताला. एका लिव्हरला दोन केबली. हुतंय ते."

"स्टार्ट कशी करणार? किक उजवीकडे आहे."

"बटन लाव. आता काय लाज हाय?"

एक चौक आला. सिग्नल लाल होता. मी थांबले, डावा पाय जमिनीला टेकला. आणि मला अडचण दिसली. मी मान वळवली.

"अण्णा, डावा पाय क्लचवर. उजवा... उजवा नाही. मग थांबल्यावर टेकवणार काय?"

ते विचार करत राहिले. सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा मारा सुरू झाला, एका कॅबवाल्याने काच खाली करून आम्हाला शिवी दिली. अण्णांनी त्याला तिच्या दुप्पट शिवी दिली, खणखणीत, पूर्वीसारखी. मग म्हणाले, "टेकवायचंच न्हाई. बाजूला डबा जोडायचा. तिसरं चाक. मग गाडी पडतच न्हाई."

"साइडकार?"

"व्हय. तेच."

"आणि त्यात कोण बसणार? अक्का?"

"ती कशाला बसती? ती मला चालवाय शिकवंल." ते हसले. त्यांच्या हसण्याने माझी पाठ हलली. त्यांच्या शर्टाला अजून गोठ्याचा वास येत होता, रक्ताचा, दुधाचा, ओल्या केसांचा. "वासरू बसंल गे. अडलेलं, आजारी, कुठलं बी. दवाखान्यात आणाय बरं पडतं. खोल कर तो डबा. आन् कडा गोल कर, त्याला लागाय नको."